तळहातावरची तिसरी गोळी

मी, या कागदाखाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, औषधांच्या दुकानात काउंटरवर एकेचाळीस वर्षे उभा राहून निवृत्त झालेला, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. पायांबद्दल त्यांना तसे लिहिता आले नाही.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि गॅलरी, मुलीला. मुलाचे स्वतःचे घर आहे, त्याने कुरकुर करू नये. बँकेत जे काही उरेल ते दोघांत निम्मे.

२. गोळ्या मोजायचा स्टीलचा ट्रे मुलाला. लहानपणी त्यावर शेंगदाणे मोजून तो माझी हुबेहूब नक्कल करायचा.

३. समोरच्या शिंप्याला आरामखुर्ची देणार होतो, पण साक्षीदाराला काही देता येत नाही असे कळले. त्याने गल्लीभर माझे नाव ‘अर्धा डॉक्टर’ पाडले, त्याचा तीस वर्षे मनात धरलेला राग तेवढा सोडतो. नाव बरोबर होते.

४. आता जे कोणालाच सांगितले नाही ते.

मुलांच्या आईला मधुमेह होता. रोज सकाळी चहाआधी ती हात पुढे करायची आणि मी तळहातावर तीन गोळ्या ठेवायचो. दोन साखरेच्या, तिसरी पांढरी. एके दिवशी तिला चक्कर आली. बीपी मोजले तर थोडे कमीच. पांढरी गोळी बीपीची, हे मला पाठ होते. हजारो वेळा विकली होती.

“तुला बीपी कुठंय? उगाच कशाला घ्यायची?” मी म्हणालो आणि गोळी बंद केली. डॉक्टरांना विचारले नाही. मी कशाला विचारू?

चार दिवस ती हात तसाच धरून म्हणायची, “अहो, पांढरी राहिली.” पाचव्या दिवशी म्हणाली नाही.

जे मला माहीत हवे होते ते असे. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या खराब होतात आणि रक्तातले प्रोटीन लघवीतून गळू लागते. दुखत काहीच नाही. ती गोळी त्या गाळण्यांवरचा दाब कमी करते, म्हणून बीपी नसले तरी देतात. झालेले नुकसान भरून येत नाही, पुढचे लांबते. तिच्या चिठ्ठीवर त्यासाठीच लिहिली होती.

दोन वर्षांनी तिचे पाय सुजले. डॉक्टरांनी विचारले, “पांढरी गोळी चालू आहे ना?” मी चिठ्ठीची घडी घालू लागलो. तीच म्हणाली, “हो, रोज देतात.” दुसऱ्या सकाळपासून मी ती गोळी पुन्हा तळहातावर ठेवू लागलो, पण उशीर झाला होता. पुढे डायलिसिस, आणि मग ती गेली.

अजूनही रोज सकाळी चहा उकळत असताना तो हात माझ्यापुढे येतो. मी बघत नाही, तरी येतो. मला फार भीती वाटते.

५. ती गेली तेव्हा मुलाने दवाखान्याच्या दारात डॉक्टरांना ‘खुनी’ म्हटले. मी शेजारी उभा होतो आणि गप्प बसलो. मुलाने जाऊन त्यांचे पाय धरावेत. त्याच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी.

६. परवा मुलीचा फोन आला. तिलाही साखर आहे, आणि आता लघवीत प्रोटीन निघाले आहे. “बाबा, तीच आईची पांढरी गोळी दिलीय. मला तर बीपी नाही. तुम्हाला कळतं यातलं, बंद करू का?” मी ‘उद्या सांगतो’ म्हणून फोन ठेवला. त्याला आज तिसरा दिवस.

म्हणून हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट बघत पेटीत ठेवायचे नाही. सह्या होताच शिंप्याने ते मुलीच्या हातात द्यावे. बाळ, गोळी घे. रक्त-लघवी तपासत राहा. चक्कर आली तर डॉक्टरांना विचार, मला नको. मग मला तुझ्या घरात घ्यायचे की नाही ते ठरव.

सही करण्यापूर्वीची नोंद: डॉक्टरांनी साक्षीदार म्हणून वरील सर्व वाचले. चष्मा पुसला आणि म्हणाले, “मला माहीत होतं. तुम्ही दोघं पायांची सूज दाखवून गेलात, त्याच्या दुसऱ्याच दिवशी वहिनी एकट्या आल्या होत्या. गोळी कधीपासून बंद आहे ते सांगितलं. म्हणाल्या, यांना कळू देऊ नका की तुम्हाला कळलंय, ते जगायचे नाहीत.”

“आणि तुम्ही शिव्या खाल्ल्यात?”

“शब्द दिला होता.”

खालची सही वेडीवाकडी आली तरी ती माझीच आहे.

(सही) मृत्युपत्र करणारा

साक्षीदार:
१. (सही) कुटुंबाचे डॉक्टर
२. (सही) समोरचा शिंपी

ठिकाण: राहत्या घरी, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: तिला जाऊन सहा वर्षे पूर्ण झाली तो दिवस, सकाळी, चहाआधी