हातचा पट्टा

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं कानउघाडणीसकट पोचली. उत्तराला उशीर झाला तो सरावामुळे. आता बातमी ऐक. रविवारच्या मोठ्या कार्यक्रमात शेवटची कुस्ती माझी आणि सध्याचा विजेता ‘वादळ’ याची आहे, आणि या वेळी विजेतेपदाचा पट्टा मला द्यायचं ठरलंय. आमच्याकडे निकाल आधी ठरतो हे तुला ठाऊक आहे. आपटणं तेवढं खरं. एकोणीस वर्षं ‘राक्षस’ म्हणून मार आणि शिव्या खाल्ल्या, तेव्हा कुठे मालकांना माझी आठवण झाली. दुपारी चारला टीव्हीवर पैसे भरून बघता येईल. आईला पुढे बसव.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा ढब्बू

९ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

चिडून लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे. बायंडिंगचं दुकान बंद ठेवलं, कागदाचे गठ्ठे भिंतीला सारले आणि अर्धी गल्ली आत बसवली. शेजारच्या दुकानातला चष्मेवाला तर स्वतःची खुर्ची घेऊन आला. वादळ आडवा झाला. त्याच्या अंगावर पडून नुसतं तिनापर्यंत मोजू द्यायचं होतं, आणि तू पंचालाच ढकललंस. सामना बाद, पट्टा त्याच्याकडेच. चष्मेवाला म्हणाला, राक्षसाचं डोकं फिरलं. मला मान वर करवेना. लहानपणी हरायला लागलास की कॅरम उधळायचास, तसंच केलंस. हातातोंडाशी आलेला घास असा कुणी घालवतं का? वेळेवर जेवतोस ना?

रागावली तरी तुझीच,
ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. वादळ वरच्या दोरावरून उडी मारताना वाकडा पडला होता. मी वाकलो तर हळूच म्हणाला, बोटं हलत नाहीत. त्याच्या अंगावर पडलो असतो तर मान हललीच असती. पंचाला हात लावला की सामना तिथेच थांबतो, एवढंच सुचलं. डॉक्टर म्हणाले, हलवलं नाही म्हणून निभावलं. काल तो स्वतःच्या हाताने चहा प्यायला, अर्धा बशीत सांडून. मी बाहेर जाऊन रडलो, हे कुणाला सांगू नकोस.

पट्टा आता दुसऱ्या कुणाला तरी देणार. माझं वय झालं म्हणतात. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आईला मात्र तूच समजाव.

पत्राची वाट पाहणारा,
ढब्बू

१९ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून माझी मलाच लाज वाटली. आईला वाचून दाखवायला बसले, तर चार ओळींतच तिने थांबवलं. म्हणाली, मला ठाऊक आहे. कसं विचारलं तर म्हणे, हा चिडला की आधी याचे कान लाल होतात. त्या दिवशी कान जसेच्या तसे होते आणि डोळे खाली पडलेल्या माणसावर. तेव्हाच कळलं, हा रागावलेला नाही, घाबरलाय.

इतके दिवस बोलली का नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणाली, तू मला कुठे विचारलंस? तू तर तडक पत्र लिहायला बसलीस.

सुट्टी काढून ये. माझी माया कमी नव्हती रे, समज कमी पडली. ती वाढावी असा आशीर्वाद या वेळी तूच दे.

तुझी ताई