निळ्या पाण्याचा थर

अकोला, १२ जानेवारी १९६२

प्रिय चारुताई,
तुला वाकून नमस्कार.

लहानपणी तू घंगाळातलं पाणी न ढवळताच मला हाक मारायचीस आणि वरच्या कढत पाण्याने माझा हात पोळायचा, आठवतं? समुद्रातही ऊन पाणी असंच वर राहतं. ते मी वर्गात मुलींना काचेच्या पेटीत दाखवते. खाली नीळ घातलेलं गार, खारं पाणी. वर अगदी हळू सोडलेलं कोमट, गोडं पाणी. समुद्र न पाहिलेल्या पोरी डोळे विस्फारून बघतात.

सोमवारी माझा हात थरथरला आणि सगळं पाणी मिसळून गेलं. वलगावची शालू म्हणाली, "बाई, तुमचा हात कावून कापून राहिला? सरका, मी ओतते." तिने ओतलं. थर सुरेख बसला.

डॉक्टर म्हणतात, नुसता अशक्तपणा आहे. काळजी करू नकोस. पण आता थकले गं. मार्चअखेर नोकरी सोडून अमरावतीला येते. माझी खाट तुझ्या खोलीत मावेल ना? तुझे गुडघे कसे आहेत?

सोबतची संत्री निम्मी तुला, निम्मी कॉन्व्हेंटमधल्या म्हाताऱ्या सिस्टरना. माझी पावसाची नोंदवहीही सोबत आहे, ती आपल्या भाच्याला, हरिहरला दे. काचेची पेटी शाळेची, ती नव्या बाईंकडे जाईल. पाण्याचं तापमान मोजायचा थर्मामीटर मात्र माझा स्वतःचा आहे. तो मी शालूला देते आहे.

तुझी,
सिंधू