चहा घेतला की मिटलं

९ फेब्रुवारी

चौकीत कोपऱ्यातली खुर्ची माझी. नवऱ्याने मारलं म्हणून बाई आली की पोलीस काय करतात, तेवढंच प्रबंधासाठी बघायचं. मधे बोलायचं नाही! गाइड मॅडमची सक्त ताकीद— हाताची घडी, तोंडावर बोट.

इथली तऱ्हाच न्यारी. नवऱ्याला बोलावून घेतात, दोघांना एका बाकावर बसवतात, हवालदारबाई चहा आणतात. बाईने कप तोंडाला लावला की "मिटलं!" मग तक्रार कसली नि काय. आज एक शिवणकाम करणारी आली, मापाची टेप गळ्यातच राहिलेली. प्यायली, गेली. साहेब म्हणाले, "भांड्याला भांडं लागायचंच हो." अस्सा राग आला!

११ फेब्रुवारी

दुपारभर पंख्याची घरघर. ऊन जाळीतून फरशीवर उतरलं, सरकत सरकत बाकाशी आलं. डोळे जड. वाटलं, आम्ही सगळे पाण्याखाली बसलोय आणि आवाज वरून कुठूनतरी येताहेत. हवालदारबाई कप विसळताना गुणगुणतात. गोड गळा आहे.

१२ फेब्रुवारी

स्वप्नात कपच कप, साय धरलेले. प्रत्येकामागे एक बाई, गप्प. आणि आईचा आवाज— "चहाला नाही म्हणू नये गं."

१६ फेब्रुवारी

टेपवाली परत आली. ओठ फाटलेला. शेजारी नवरा, साळसूद चेहऱ्याचा. हवालदारबाईंनी कप ठेवला— "घे गं. घरचं घरात बरं."

तिने कपाकडे बघितलं. मग थेट माझ्याकडे.

"नका पिऊ," मी म्हणाले.

बोलून गेले खरी! साहेब कडाडले, "बघायला आलात की शिकवायला?" पण तिने कप लांब सारला. "तक्रार लिहा." हवालदारबाईंनीच कागद ओढला. एकेक शब्द तिला विचारून लिहिला.

मॅडम फोनवर— "सगळ्या निरीक्षणावर पाणी फिरवलंस!" फिरू दे. खूप दिवसांनी शांत झोप लागेल.

१८ फेब्रुवारी

सकाळी बाकावर हवालदारबाई. गणवेश नाही. गालावर वळ. साहेब खिडकीबाहेर बघत होते, चहाचं नाव कुणी काढलं नाही.

"मीही घरी हाच चहा पीत आलेय गं," त्या म्हणाल्या.

मी खुर्ची सोडली. बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले.