तांब्या परत देणारा चोर

सर,

तक्रार गंभीर आहे, तेव्हा चष्मा लावून ऐका. गेल्या महिन्यापासून माझ्या खिशात द्विवचन शिरलं आहे. पूर्वी माझ्या गाडीला एकच किल्ली होती. दार तीच उघडी आणि इंजिनही तीच चालू करी. आता दोन आहेत. संस्कृतात म्हणायचं तर कुञ्चिके. दाराची वेगळी, चालू करायची वेगळी, आणि दिसायला दोघी जुळ्या बहिणी. मराठीनं द्विवचन टाकून दिलं ते किती शहाणपणाचं होतं, हे बारामतीच्या मंडईबाहेर एका हातात मेथीची जुडी आणि दुसऱ्या हातात चुकीची किल्ली घेऊन उभं राहिल्याशिवाय कळत नाही. इतकी वर्षं मी कॉलेजात संस्कृत शिकवताना पोरांना सांगत आलो की द्विवचनाला घाबरू नका, सोपं असतं. तीच पोरं आता मंडईत माझी फजिती बघत उभी असतात.

या दोन किल्ल्यांचं मूळ मात्र इंदापूरला, तुमच्या दारात आहे. हो, मी गाडी घेतली. सेकंडहँड आहे, पांढरी आहे, आणि चढावर तिचा आवाज ऐकून उसाच्या ट्रॉलीवाले आदरानं बाजूला होतात. दर रविवारी ती घेऊन मी काकूंकडे जातो. तुम्ही गेल्यापासून त्या घरात काकू एकट्या आहेत. मुलगी भोपाळला बोलावते, मी बारामतीला बोलावतो, आणि काकू आम्हा दोघांनाही "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्यापाशी पुढचे महिने इतके शिल्लक आहेत याचं मला कौतुक वाटतं, आणि घोरही लागतो. त्यातून तुमचं ते दार. सकाळी उघडतं ते दिवेलागणीला लोटतात, आणि तेही कडी न लावता. त्या दारातून मांजर, शेजारच्या बायका, टपालवाला आणि मी, सगळे सारख्याच हक्कानं आत येतो.

त्या रविवारी जेवण झालं. वांग्याची भाजी, भाकरी, वर ताक. माणसानं आडवं होऊ नये अशी अपेक्षा असेल तर काकूंनी इतकं चांगलं रांधू नये. मी ओसरीवर पडलो आणि झोपलो. गाडी समोर लिंबाच्या सावलीत होती, आणि उकाड्यानं आतला वास कोंडू नये म्हणून मी काच चार बोटं खाली ठेवली होती. उठलो तेव्हा काकू उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होत्या.

"तुझा माणूस गेला रे," त्या म्हणाल्या.

"कोण माणूस?"

"गाडी दुरुस्त करत होता तो. घामाघूम झाला होता बिचारा. तुझ्या त्या गोल चाकाशी झोंबत होता कधीचा. मला वाटलं, तूच बोलावलंयस. तांब्याभर पाणी नेऊन दिलं, म्हटलं, अरे किल्ली अडकली असेल तर ओसरीवर झोपलाय त्याला उठवू का?"

"मग?"

"मग काय, घटाघटा प्यायला, 'नको आज्जी, झोपू द्या' म्हणाला, आणि गेला. चांगल्या घरचा होता हो. तांब्या परत दिला, पालथा घालून."

मी धावत जाऊन पाहिलं. किल्लीच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालून पिळलेला, त्याचं टोक आत तुटून राहिलेलं, आणि स्टेअरिंग अर्ध्या वळणावर जाम. माझी किल्ली आत जाईना. काकूंना मी सांगितलं, तो चोर होता. त्या म्हणाल्या, "असं कसं? चोर तांब्या घेऊन नाही का जाणार? पितळी आहे."

पोलीस चौकीत गेलो. हवालदारानं वही उघडली.

"काय गेलं?"

"काही नाही."

"मग काय लिहू? गेलं न्हाय म्हनता, आन चोरी झाली म्हनता."

"चोरायची इच्छा झाली," मी म्हणालो. "इच्छा आणि थोडा प्रयत्न."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला एकदम तुमचा उंबरा आठवला. मी चौदा वर्षांचा आहे. आमच्या सांगवीत बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन चार वर्षं झाली आहेत आणि मी इंदापूरच्या वसतिगृहात राहून तुमच्याकडे संस्कृत शिकतो आहे. वडील म्हणतात, "ज्या भाषेनं आपल्याला दाराभायेर ठेवलं, ती कशापायी शिकतोस?" मी ते तुम्हाला जसंच्या तसं सांगतो, तुमची गंमत करावी म्हणून. तुम्ही जराही रागावत नाही. "वडील खरं बोलतात," तुम्ही म्हणता, "म्हणून तर आत येऊन बघ, काय काय ठेवलंय ते." आणि आत म्हणजे खरोखरच आत: स्वयंपाकघरात, चुलीसमोर, तुमच्या शेजारच्या पाटावर, जिथे काकू मला तुमच्याआधी वाढतात आणि तुम्ही "आम्हीही इथे आहोत" असं खोकून सुचवता. तुमच्या आळीत त्याबद्दल जे बोललं गेलं, ते मला फार पुढे कळलं. तुम्ही दोघांनी तेव्हा ते कानावरही येऊ दिलं नाहीत.

त्याच घरातून मी एकदा धातुरूपांचं पुस्तक सदऱ्याखाली घालून निघालो होतो. उंबऱ्यावर तुम्ही अडवलंत. "पोट इतकं चौकोनी कसं झालं?" मला वाटलं, आता घर बंद, शाळा बंद, आणि वडिलांचं म्हणणं खरं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "'चोरू इच्छितो.' एका शब्दात रूप सांग." मला येईना. "रूप येत नाही, म्हणजे पुस्तकाची गरज खरी आहे. घेऊन जा. उद्या सांग." रात्रभर बसून मी ते शोधलं. दुसऱ्या दिवशी तुमच्यासमोर हात मागे बांधून म्हणालो, "चुचोरयिषति." तुम्ही हसलात. "छान. आता तुला करता येतं. न केलंस तर अधिक छान." ते पुस्तक अजून माझ्या टेबलावर आहे. दरवर्षी मी मुलांना तुमचीच कोटी ऐकवतो, की धातूंचा पहिला गण असण्याचा, दुसरा खाण्याचा, नववा विकत घेण्याचा आणि दहावा चोरण्याचा; व्याकरणकारांनाही बाजार ठाऊक होता. मुलं हसतात. कोटी माझीच आहे असं त्यांना वाटतं, आणि मी ते दुरुस्त करत नाही. तेवढी चोरी पचली.

हवालदाराला हे सगळं सांगण्यात अर्थ नव्हता. त्यानं "चोरीचा प्रयत्न" लिहिलं. एका शब्दाचं काम दोन शब्दांत, पण अर्थ पोचला.

गाडी तिथेच सोडून मी एसटीनं बारामतीला आलो आणि मंगळवारी रजा टाकून मिस्त्रीला बरोबर घेऊन गेलो. मिस्त्री वडगाव निंबाळकरचा, हात सोन्याचे, जीभ मोकळी. तो मला "सर" म्हणतो, आणि दर वेळी मला वाटतं तुम्ही मागे उभे आहात. त्यानं आधी बॅटरीची वायर काढली, मग स्टेअरिंगखालचं कव्हर उतरवलं आणि मान आत घालून म्हणाला, "सर, हे कुलूप गेलं. दोन बोल्ट हायत, पर त्यास्नी डोकं न्हाय."

"डोकं कुठं गेलं?" काकूंनी विचारलं. त्या खुर्ची घेऊन गाडीजवळच बसल्या होत्या.

"कारखान्यातच मोडत्यात, आज्जी. चोराला पाना लागू नये म्हनून."

"आणि तुला?"

"आमाला छिन्नी."

"बिनडोक माणसं पुष्कळ पाहिली बाई," काकू म्हणाल्या, "बोल्ट आजच पाहते."

छिन्नी लावून हलक्या ठोक्यांनी त्यानं ते बोल्ट फिरवून काढले, मोडकं कुलूप ओढून बाहेर घेतलं आणि माझ्या हातावर ठेवलं. तुटलेलं टोक आत तसंच चमकत होतं. नवं कुलूप बसवलं, वायरी रंग बघून जोडल्या, किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली आणि काकूंनी टाळ्या वाजवल्या. दाराची कुलपं मिस्त्रीनं बदलली नाहीत. "चांगली हायत, कशाला पाडायची? दोन किल्ल्या ठेवा." अशी ही कुञ्चिके.

खरी चूक मी त्यानंतर केली. दोन दिवस माझ्या मनात एकच चित्र फिरत होतं: तो माणूस गाडी सोडून घरात शिरला असता तर? मी ओसरीवर घोरत असतो आणि काकू आत. म्हणून मिस्त्री हात पुसत होता तेव्हा मी काकूंसमोर व्याख्यान मांडलं, पुरता पंचेचाळीस मिनिटांचा तास. जग बदललं आहे, हमरस्ता वाढला आहे, अनोळखी माणसं येतात, दार आतून लावून घेत जा. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मास्तरा, तुझ्या गाडीची काच कुणी उघडी ठेवली होती?" मिस्त्री मान खाली घालून हसला. मी चिडलो. सर, तुमच्या घरात मी पहिल्यांदा आवाज चढवला. म्हणालो, "गाडी गेली तर दुसरी मिळेल, काकू." त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "बरं. लावीन."

पण कडी लागेना. इतक्या वर्षांत कुणी वापरलीच नव्हती. गंजून चौकटीला चिकटली होती. मीच मिस्त्रीला म्हणालो, एवढी मोकळी करून दे. त्यानं तेल सोडलं, हातोडीनं सरळ केली, दोनदा लावून पाहिली. "आता घट्ट बसती बगा. भायेरून हत्तीला उघडायची न्हाय." मी त्याला शाबासकी दिली. वर काकूंनी त्याला शेंगदाण्याचे लाडू दिले.

गेल्या रविवारी मी अकराच्या सुमारास पोचलो. दार बंद. थाप मारली, हाक मारली, पुन्हा थाप मारली. काकूंना आता उजव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या बाई बाहेर आल्या. "आजी आतूनच लावून घेत्यात हल्ली. आमी पयलं येता-जाता डोकवायचो, च्या प्याल्या का, जेवल्या का. आता काय कळतंच न्हाय आत काय हाय ते." मी खिडकीशी गेलो, मागच्या अंगणाच्या भिंतीवरून डोकावलो. नऊ-दहा मिनिटं गेली असतील. मग कडी निघाली. काकू उभ्या, डोळ्यांवर झोप, पण खुशीत. "डुलकी लागली होती रे. बघ, ऐकते की नाही तुझं?"

"शहाण्या आहात," मी म्हणालो.

मग जेवलो. वांग्याचीच भाजी होती, छान झाली होती. कडी लावू नका असं ओठांवर आलं होतं, पण तो घामाघूम माणूस डोळ्यांसमोर आला आणि बोलवेना. येताना बारामतीपर्यंत गाडी नीट चालली. सर, गाडी पुन्हा कुणी फोडली तर फोडो. एखाद्या सोमवारी-मंगळवारी काकू आत पडतील, हाक मारतील, आणि ती कडी लागलेली असेल, याची मला भीती वाटते. रविवारपर्यंत कुणाला कळणार नाही. हे मी त्यांना सांगितलेलं नाही, भोपाळलाही कळवलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही ते त्यांना सांगणार नाही.