हबशी पीराच्या पायरीवरची शपथ

अकोला, कार्तिक वद्य तृतीया, बुधवार

बाबा,

तुम्ही गेल्याला वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याची माफी मागतो. माफी एवढ्यापुरतीच. पुढचं सगळं रागाने लिहितो आहे. राग न्याय्य आहे का, हे उलटसुलट तपासत बसण्याची माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही तिला 'कॉलेजचा किडा' म्हणायचात.

आज शाळा सुटल्यावर अमरावतीहून, पीराची जागा राखणाऱ्या हबशी मायची भाची आली. ओट्यावर बसली, पाणीही न घेता बोलली. "मायनं सांगून धाडलं, गुरुजी. जागा उचलाची हाये. आता तिथं कोनी येत नाही, माय थकली, आमी तिले एलिचपूरले नेतो. दगड संगंच नेनार. पन तुमची शपथ हाये त्याच्यावर. खोटा बोल तसाच ठेवून दगड उचलता येत नाही. ज्यानं ठेवला त्यानंच काढाचा, चार लोकाईच्या समोर. उद्या गुरुवार हाये." ती शपथ खोटी होती हे मायला कोणी सांगितलं, असं मी विचारलं. भाची हसली. "तिले सांगा लागते काय?"

अमरावतीच्या जुन्या कापूसबाजाराच्या कडेला निंबाखालचा तो चुन्याने पांढरा केलेला दगड, त्यापुढची पायरी आणि पायरीवर पडलेली लोखंडी बेडी. लोक त्याला हबशी पीर म्हणत, पण तिथे कोणाची कबर नव्हती. मायच्या आज्याला लहानपणी आफ्रिकेतल्या हबशाणातून पकडून आणलं, बंदरावर विकलं, आणि फिरत फिरत तो एलिचपूरच्या पागेत आला. आईबाप कुठे पुरले हे त्याला ठाऊक नव्हतं, नाव आठवत नव्हतं. आठवत होता फक्त ढोलाचा एक ठेका. त्याने दगड मांडला आणि तो ठेका वाजवला. माय मला म्हणाली होती, "तुमचे मेलेले जिथं जाळले तिथून गेले, बाबू. आमचे बोलावलं का येतात. पन याले जागा पाह्यजे. घर नाही, गाव नाही, मंग हे दार तरी पाह्यजे ना?" दर गुरुवारी ती ज्वारीचा मलिदा ठेवी, ढोल वाजे, अंगात येई, आजारी बाया पायरीशी निजत. आणि बाजारात तंटा झाला की हिंदू-मुसलमान दोघंही तिथेच शपथ घ्यायला येत, कारण त्या पुरख्यांसमोर खोटं बोललेला चाळीस दिवसांत आजाराने धरला जातो, असा सगळ्यांचा समज होता.

मी शपथ घेतली त्या वर्षी अमेरिकेत लढाई चालू होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि आपल्या बोंडांना कधी नव्हे तो भाव आला होता. तुम्ही वांग्या-मिरच्यांचा मळा वाट्याने देऊन कापसाचे अडते झालात. त्या पैशावर मी मुंबईला शिकलो. हे मी विसरलेलो नाही, म्हणून तर दर दोन ओळींनी थांबतो. सुटीत आलो होतो तेव्हा मायला मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की ती लढाई हबशी गुलामांपायी जुंपली आहे. ती मलिदा वळत होती. हात थांबला. "मंग सुटले का ते?" अजून नाही, म्हणालो. तिने आणखी दोन मुठी पीठ घेतलं. "त्याईचे पुरखे बी भुके असतीन."

त्याच सुटीत वलगावचा तो कुणबी तुमच्या दुकानासमोर उभा राहून ओरडला, की घरून मोजून आणलेला कापूस तुमच्या काट्यावर अर्धा मण कमी भरला. गर्दी जमली. कोणीतरी म्हणालं, पीराच्या पायरीवर होऊन जाऊ दे. तुम्ही गादीवरून उठला नाहीत. "पोरगं जाते," म्हणालात, "बापाच्या बदल्यात पोरानं घेतली तरी चालते." मी हळूच विचारलं, वजन बरोबर होतं ना? "तुले आता बापावर भरोसा नाही काय?" मला भरोसा होता. मी गेलो, बेडीत मनगट घातलं, दगडावर हात ठेवला आणि वजन खरं होतं असं मोठ्याने म्हटलं. कुणब्याने पागोटं काढून माझ्या पायाशी ठेवलं. "चुकलो, मालक. माह्याच घरचा काटा खोटा असंन."

संध्याकाळी मी जेवायला बसलो आहे, आई भाकरी थापते आहे, आणि तुम्ही, कधी चुलीपाशी न येणारे, आत येता. "याची दृष्ट काढ. आत्ताच काढ." आई विचारते, "काहून? कोनाची लागली?" तुम्ही ओरडता, "काढ म्हनतो ना!" तिचे पिठाचे हात तसेच राहतात. ती तुमच्याकडे पाहते, माझ्याकडे पाहते. "तुमी सोता गेले नाही. पोराले धाडलं." तव्यावरची भाकरी जळल्याचा वास येतो. तुम्ही खाली मान घालून म्हणता, "त्याले काय होते? तो मानतेच कुठं? जो मानत नाही त्याले लागत नाही."

हे तुम्हाला खरंच वाटत होतं, की आईसमोर सुचलेली सबब होती? मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही मानत होता, म्हणून स्वतः गेला नाहीत, एवढं नक्की. माझ्या शिक्षणाचा तुम्हाला झालेला पहिला उपयोग हा. आणि ती सबब असेल, तर अर्ध्या मण कापसाच्या पलीकडच्या पारड्यात तुम्ही मला बसवलंत.

नंतर दर बाजारी तो कुणबी मला पाहायला येई. "बरं हाये ना, मालक? ताप-गिप नाही ना?" टोमणा नव्हता त्यात, माणूस खरोखर काळजीने विचारत असे. त्याला आपल्या कापसाचं खरं वजन ठाऊक होतं, आणि पीरही ठाऊक होता. मी दोन्ही वेळा पोटभर जेवत होतो, अंगाने भरत होतो. चाळीस दिवस सरल्यावर त्याने मला नीट निरखून पाहिलं आणि तसाच मायपुढे जाऊन उभा राहिला. "माय, तुया पीर झोपला वो."

बाजाराने ते ऐकलं. पुढच्याच आठवड्यात एकाने पाणी मारलेला कापूस कोरडा असल्याची शपथ घेतली आणि हसत परतला. मग सगळ्यांनाच सोपं झालं. वर्षभरात पायरीवर पानाच्या पिचकाऱ्या दिसू लागल्या. मायने बेडी उचलून घरात नेली. अंगारा मागायला येणाऱ्या बायाही कमी झाल्या, ढोलाला माणसं मिळेनात. मी आजारी पडलो असतो तर ती जागा जगली असती, बाबा. माझी प्रकृती उत्तम राहिली.

मी तेव्हा बोललो नाही, कारण तुमची पत गेली असती. पुढे तुम्ही गेलात, आणि मेलेल्या बापाला भरबाजारात खोटा म्हणणं जिभेवर येईना. तो कुणबी अजून आहे. भाची म्हणाली, त्यालाही निरोप गेला आहे. त्याच्यासमोर मला तुमचं नाव घेऊन बोलावं लागेल. फक्त 'मी खोटं बोललो' म्हटलं तर ते दुसरं खोटं होईल, हे भाची गेल्यापासून दहादा तपासून पाहिलं. त्या लोकांचे पुरखे येतात की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. पण यायला त्यांना एकच दार होतं, आणि ते आपल्या घराने बंद केलं.

हा कागद कुठे धाडायचा नाहीच, तेव्हा एक कबूल करतो. मी पोचण्याआधी त्यांनी दगड उचलून नेलेला असला तर बरं, असं मघाशी मनात येऊन गेलं.

उद्या: पहाटेच्या गाडीने बडनेऱ्याला, तिथून अमरावतीला निघणे.