वर जाणारी वाट, खाली येणारी वाट

सराव छावणी, दक्षिण कॅलिफोर्निया
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अण्णाकाकांना
सावनीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

मी बरी आहे. जेवण बेताचं, झोप पाच तास, खोकला गेला. आईनं फोनवर याहून वेगळं काही सांगितलं असेल तर विश्वास ठेवू नये. ती फ्रीमाँटमध्ये बसून माझं वजन परस्पर ठरवते.

सराव संपेपर्यंत आमचे मोबाइल जमा केले आहेत. चालू फोन म्हणजे वरून फिरणाऱ्या ड्रोनला आपला पत्ता कळवणं. म्हणून हे पत्र, आणि तेही मराठीत. मी नऊ वर्षांची असताना अमेरिकेत आले, तेव्हा काकांना पत्र मराठीतच लिहायचं ही अट तुम्ही घातली होती. ती मोडायला अजून सबळ कारण मिळालेलं नाही.

आता काम. यात गुप्त काही नाही. मैदान सरावाचं आहे आणि शत्रूही आमच्याच सैन्यातला. आमची बटालियन, म्हणजे सुमारे सहाशे माणसं, ३ मार्चला खंदकांच्या एका रांगेवर हल्ला करणार आहे. असल्या लढाया संपल्या असं आम्हाला अकादमीत शिकवलं होतं. गेल्या तीन वर्षांच्या बातम्यांनंतर ते कोणी म्हणत नाही. हल्ला चालू असताना कर्नल आणि त्यांची माणसं कुठे बसतील, आणि त्यांच्यापर्यंत निरोप व पुढे त्यांचे हुकूम कसे पोचतील, हे ठरवणं सिग्नल ऑफिसर म्हणून माझ्याकडे आलं आहे.

मेजर विटेकर यांना एकच मोठी कमांड पोस्ट हवी आहे. चार किलोमीटर मागे, मोठा तंबू, भिंतभर स्क्रीन. माझं म्हणणं वेगळं आहे. तीन लहान पोस्ट असाव्यात, तिन्ही जमिनीखाली. पहिली आमच्या पुढच्या खंदकामागे तीनशे मीटरवर. उरलेल्या दोन जागा हल्ल्याच्या रेषेवर आधीच ठरवून ठेवायच्या. हल्ला पुढे गेला की पोस्टही पुढे. रेडिओ शत्रू बंद पाडणार, टेलिफोनची तार तुटणार, आणि शेवटी कागद घेऊन धावणारा माणूसच उरणार. पहिल्या पोस्टपासून पुढच्या खंदकापर्यंत त्याला चार मिनिटं दहा सेकंद लागतात. मी स्वतः तीनदा धावून सरासरी काढली आहे.

सिग्नल कंपनी जूनपासून कोणाच्या हाती द्यायची, माझ्या की कॅप्टन रीसच्या, ते कर्नल या सरावावरून ठरवतील. रीस चांगला आहे. या कामात मी अधिक चांगली आहे.

नकाशा सोबत जोडला आहे. तुम्ही काही वर्षं भारतीय सैन्याच्या सिग्नलमध्ये होता, म्हणून पाठवते. चुका सापडतील असं वाटत नाही, तरी पाहावं.

काकूला नमस्कार. तुमची माया आहेच. ती आहे तेवढी राहू द्यावी, एवढं मागणं.

तुमची,
सावनी


श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
८ फेब्रुवारी

चि. सावनीस
काकांचे भरघोस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. पहिल्या दोन ओळींत जेवण, झोप आणि खोकला उरकलास, रक्तगट राहिला. पुढच्या वेळी तोही कळव.

इथे गुडघाभर बर्फ आहे. बायपासनंतर सत्यजितनं आपल्या बापाला फावड्याला हात लावायची बंदी केली आहे, म्हणून तो बर्फ काढतो आणि मी खिडकीतून चुका काढतो. तुझा नकाशा तीन दिवस जेवणाच्या टेबलावर पसरलेला होता. दोन दिवस काकूनं त्याच्या कडेकडेनं वाढलं. तिसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं की या टेबलावर एक तर युद्ध राहील नाही तर आमटी. मी युद्ध गराजमध्ये हलवलं.

आता मुद्द्याचं. तीन ठाण्यांची तुझी कल्पना उत्तम आहे. नवं ठाणं बोलायला लागल्याशिवाय जुन्यानं तोंड मिटायचं नाही, हे तू स्पष्ट लिहिलंस, ते बरं केलंस. तिसरं ठाणं तू शत्रूच्या खंदकात धरलं आहेस. शत्रूनं खणलेल्या खोलीचं दार शत्रूच्याच तोफांकडे उघडणार, हे भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. तू तिथे मातीच्या पोत्यांची आडभिंत दाखवली आहेस. शाबास. मेजरसाहेबांचा तंबू मात्र लग्नाच्या मांडवासारखा दिसतो. वरून पाहणाऱ्याला नवरा-नवरीही दिसतील.

एकच विचारतो. तुझा निरोप्या हुकूम घेऊन ज्या खंदकातून पुढे धावतो, तो नकाशात एकच आहे. लढाई चालू असताना जखमी माणसं कुठल्या वाटेनं येतात?

एवढंच. ‘चुका सापडतील असं वाटत नाही’ हे वाक्य मी काकूला दोनदा वाचून दाखवलं. तिला त्यात मी दिसलो म्हणे.

जिवाला जप आणि आमच्यावर रागावू नकोस, रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा,
अण्णाकाका


सराव छावणी
१५ फेब्रुवारी

तीर्थरूप अण्णाकाकांना
सावनीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

रक्तगट बी पॉझिटिव्ह.

तुमचा प्रश्न मिळाला तेव्हा आराखडा मेजरसाहेबांकडे जाऊन दोन दिवस झाले होते. मला प्रश्न आवडला नाही. आमच्या लष्करी नियमांच्या पुस्तकात त्याबद्दल एक ओळ आहे आणि ती मी वाचली होती. पण लढाईच्या प्रकरणात ती एखाद्या स्वच्छतेच्या सूचनेसारखी येते, म्हणून मी तिला तेवढंच वजन दिलं. मी चार मिनिटं दहा सेकंद मोजली ती मोकळ्या खंदकात, पाठीवर ओझं नसताना. समोरून कोणी येत नव्हतं.

म्हणून परत मोजलं. दोन स्ट्रेचर, प्रत्येकावर ऐंशी किलो वाळू, प्रत्येकी चार माणसं, आणि समोरून निरोप्या. तेरा मिनिटं चाळीस सेकंद. दुसऱ्यांदा चौदा. तेवढ्या वेळात वरचा हुकूम शिळा होतो.

मी मेजरसाहेबांकडे जाऊन आराखडा परत मागितला. ते म्हणाले की स्वतःच्या चुका स्वतः दाखवल्याचे इथे गुण मिळत नाहीत, आणि त्यांच्या तंबूला खंदकच लागत नाही. मी आकड्यांचा कागद टेबलावर ठेवला आणि दुसरा खंदक मागितला: एक वर जाणाऱ्यांसाठी, एक खाली येणाऱ्यांसाठी. कागद कर्नलकडे गेला, त्यांनी तो वाचला. त्यांनी खोदकामाचं यंत्र एक दिवस दिलं, दीडशे मीटर खणायला पुरेल एवढं. उरलेलं हातानं खणायचं. मेजरसाहेबांचा तंबूही लागणार आहे, पर्याय म्हणून.

माझी सिग्नलची माणसं रोज फावडी चालवत आहेत. मीही. हाताला फोड सहा. हे आईला कळवू नये.

तुम्हाला हे कसं माहीत? तुम्ही सैन्यात पाच वर्षं होता आणि तारा ओढल्या, एवढंच आम्हाला सांगितलं आहे. नकाशा पाहून लोक उंची पाहतात, अंतर पाहतात. पहिल्या नजरेत हा प्रश्न कोणी विचारत नाही.

कळावं, आणि शाबासकीत कपात करू नये.

तुमची,
सावनी


श्रूजबरी
२१ फेब्रुवारी

चि. सावनीस
काकूचे खूप खूप आशीर्वाद.

तू यांना काय विचारलंस? पत्र आल्यापासून हे गराजमध्ये हीटर लावून बसतात. चार कागद फाडले. मी विचारलं तर म्हणाले, पोरीनं तांत्रिक शंका काढली आहे. तांत्रिक शंकेला माणूस जेवण टाकून बसत नाही.

मी लग्न होऊन आले ते शहात्तर साली, यांनी नोकरी सोडली तेव्हा. लढाईचं कधी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. एक गोष्ट मात्र रोज पाहते. कुठलाही अरुंद बोळ असो, विमानातली वाट असो की दवाखान्याचा कॉरिडॉर, समोरून माणूस दिसला की हे भिंतीला पाठ लावून उभे राहतात आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत हलत नाहीत. सत्यजित चेष्टा करतो, बाबा विमानात शेवटच्या रांगेतलेच. मीही हसते. यांनी हसलेलं मला आठवत नाही.

विचारू नकोस असं मी म्हणत नाही. विचारलं आहेस तर आता अर्ध्यावर सोडू नकोस, एवढंच. ते लिहितील. तुला लिहितील, मला नाही, हे मला कळतं.

तुझ्यासाठी मेथकूट आणि लसणाची चटणी पाठवली आहे. छावणीत डबा उघडताना वाऱ्याची दिशा पाहा.

आहेस तशीच आमची राहा.

तुझी,
उत्तराकाकू


श्रूजबरी
२३ फेब्रुवारी

चि. सावनीस
आशीर्वाद.

हा पाचवा कागद. आधीचे चार फाडले हे काकूनं कळवलं असेलच.

डिसेंबर एकाहत्तर. मी तेवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट, बटालियनबरोबर सिग्नलचा माणूस. आमचं ठाणं कुठे असावं आणि तिथून पुढे वाट कशी असावी, ते मी आखलं होतं. एका रात्रीत एकच खंदक खणून झाला. दोनशे ऐंशी मीटर, दोन फूट रुंद, मध्यावर एक माणूस अंग चोरून उभा राहील अशी एकच खोबण. मला तो पुरेसा वाटला. मीही त्यातून धावून पाहिलं होतं.

सकाळी आमची एक तुकडी ठरल्यापेक्षा वेगानं पुढे गेली. आमच्याच तोफा तिथे गोळे टाकणार होत्या. रेडिओ मुका, तार तुटलेली. तोफा थांबवा, हा निरोप घेऊन मी स्वतः पुढून ठाण्याकडे निघालो. ठाण्यातून तोफांना फोन लागत होता. फक्त ठाण्यापर्यंत पोचायचं होतं.

त्या दिवशी मलमपट्टीची जागा खंदकाच्या पुढच्या टोकाशी होती, म्हणून जखमींना उताराकडून वळून ठाण्याच्या बाजूनं याच खंदकात उतरवत होते. तीन स्ट्रेचर समोरून येत होते. मी खोबणीत पाठ लावून उभा राहिलो आणि त्यांना जाऊ दिलं. तिसऱ्यावरचा माझ्याकडे पाहत गेला. मी अकरा मिनिटांनी पोचलो. तोपर्यंत पहिले गोळे पडले होते. चारजण गेले, आमच्याच गोळ्यांनी. त्यांची नावं मला पाठ आहेत; इथे लिहीत नाही.

मला कोणी दोष दिला नाही. चौकशीत लिहिलं की अधिकाऱ्यानं जखमींना वाट दिली, ते योग्यच. पाच वर्षांनी मी नोकरी सोडली आणि इकडे येऊन टेलिफोन कंपनीत लागलो.

तेव्हापासून एकच विचारतो आहे. मी वाट दिली नसती, त्यांना मागे सारून पुढे गेलो असतो, तर वेळेत पोचलो असतो का?

तुझ्याकडे खंदक आहे, माणसं आहेत, घड्याळ आहे. आकृती सोबत काढली आहे, मापं बरोबर आहेत. मोजून कळव. मला समजूत नको, आकडा हवा. समजूत घालायला तुझी काकू समर्थ आहे, आणि तू त्यात फार कच्ची आहेस.

तुझा,
अण्णाकाका


सराव छावणी
१० मार्च

तीर्थरूप अण्णाकाकांना
सावनीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आधी सराव. ३ तारखेला सव्वासहाला शत्रूच्या ड्रोनला मेजरसाहेबांचा तंबू दिसला आणि सरावाच्या पंचांनी तो उडाला असं जाहीर केलं. सहा चाळीसला रेडिओ गेले. सात पाचला तार तुटली. सात बाराला पहिला निरोप्या धावला आणि चार मिनिटं तीस सेकंदांत पोचला. पंचांनी एकोणीस जखमी ठरवले. एकोणीसच्या एकोणीस दुसऱ्या खंदकातून खाली गेले. तोफा पुढे सरकवण्याचा हुकूम वेळेत मिळाला. दुसरी पोस्ट आठ वीसला बोलू लागली, तिसरी नऊ पन्नासला. मध्ये कधीतरी मेजरसाहेब कॉफीचा मग घेऊन वर जाणाऱ्या खंदकातून माझ्या दुसऱ्या पोस्टमध्ये आले आणि आपण कुठे बसावं असं विचारलं. मी जागा दिली. मेथकुटाचा डबा तिथेच होता. मेजरसाहेबांनी त्याचा वास घेतला आणि काही विचारलं नाही.

जूनपासून कंपनी माझ्याकडे आहे. कर्नल म्हणाले की आराखडा चांगला होता, पण निर्णय त्यांनी मी आराखडा परत मागितला त्या दिवशीच घेतला होता. रीसनं माझं अभिनंदन केलं, आणि ते मनापासून होतं.

आता तुमचं. सराव संपल्यावर रविवारी सोळाजण स्वतःहून आले. मी त्यांना फक्त एक जुनी घटना तपासायची आहे असं सांगितलं. वाळूच्या पोत्यांनी खंदक दोन फुटांवर आणला, दोनशे ऐंशी मीटर मोजले, तुमच्या आकृतीत आहे तिथे खोबण ठेवली. प्रत्येक प्रकार तीनदा मोजला. आकडे सरासरीचे आहेत.

खोबणीत उभं राहून तीन स्ट्रेचर जाऊ दिले, तर अकरा मिनिटं वीस सेकंद. तुमची आठवण बरोबर आहे.

त्यांना मागे सारून पुढे गेलात, तर चौदा मिनिटं पाच सेकंद. दोन फुटांत स्ट्रेचर वळत नाही. तिघांनाही उलट पावली पार ठाण्याच्या टोकापर्यंत जावं लागतं, आणि तुम्हाला त्यांच्यामागे थांबावं लागतं. आम्ही ढकलून, ओरडून, शिव्या देऊनही पाहिलं. बारा मिनिटांच्या खाली एकदाही आलं नाही.

खंदकाबाहेर पडून उघड्यावरून धावलात, तर दोन मिनिटं. ही वेळ मोजता येते; जिवंत पोचण्याची शक्यता मला मोजता येत नाही, म्हणून तो आकडा मी धरत नाही.

म्हणजे वाट दिल्यामुळे उशीर झाला नाही. त्या खंदकात याहून लवकर पोचण्याचा मार्ग तुमच्याकडे नव्हता.

दोन खंदक असते, तर तीन मिनिटं पन्नास सेकंद. तुम्ही वेळेत पोचला असता. हाही आकडा लिहिते, कारण तुम्ही समजूत मागितली नव्हती. चूक आदल्या रात्रीच्या आखणीत होती आणि आखणी तुमची होती. तुम्ही पन्नासहून अधिक वर्षं चुकीच्या गोष्टीचा दोष स्वतःला देत आलात. बरोबर गोष्ट ही आहे.

आणि तिच्याबद्दल माझ्याकडे अजून एक नोंद आहे. तुम्ही तेवीस वर्षांचे होता आणि हातात एक रात्र होती. मी एकोणतीस वर्षांची आहे. माझ्याकडे तीन आठवडे होते, लॅपटॉप होता, पुस्तकात ती ओळ होती, आणि मी नेमकी तीच चूक केली. स्वतः धावून, वेळ मोजून, खात्रीनं केली. आपल्या दोघांत फरक एवढाच, की मी नकाशा पाठवला तेव्हा तो वाचणारे तुम्ही होता.

हे पत्र काकूला वाचून दाखवावं. पूर्ण.

तुमची,
सावनी