सगळी मापं डोक्यात

३ फेब्रुवारी, सोमवार
ही वही मुलीने आणली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय म्हणे, बाबांना रोज लिहू द्या. या डॉक्टरीणबाई मेंदूच्या. वय मुलीएवढंच. त्यांनी पाच शब्द सांगितले आणि दहा मिनिटांनी परत विचारले. मी दोन सांगितले आणि एक पदरचा घातला. मग शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. त्र्याण्णवपर्यंत ठीक होतं. पुढे मला त्यांच्या कोटाची कॉलर दिसत राहिली. डावीकडे एक सूत उतरली होती. अशा कॉलरसमोर कुणाचं गणित चालेल?
निदान: माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट. मुलगी गाडीत रडली. मी तिची समजूत काढली. म्हटलं, यातला पहिला शब्द माइल्ड आहे. बाकीचे दोन लक्षात ठेवायची गरज नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार
संकल्प. रोज अर्धा तास चालणे. शब्दकोडं. ही वही. दुकान बंद करण्याचा विषय घरात पुन्हा निघाला तर ताटावरून उठणे.
एकेचाळीस वर्षं कापड कापतोय. मापवही कधी ठेवली नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की छाती, कमर, बाही डोक्यात उमटते ती कायमची. ज्या डोक्यात चारशे माणसं इंचांसकट बसली आहेत, तिथे पाच शब्द मावले नाहीत तर दोष शब्दांचा.

११ फेब्रुवारी
चालण्यात उत्तम प्रगती. अर्ध्या तासाऐवजी अडीच तास चाललो. पुलापलीकडे कारागीर भेटला. दुकान उघडं टाकून सायकलवर हिंडत होता. झापला. तरी सायकल हातात धरून घरापर्यंत सोबत आला. एकट्याला करमत नसेल बिचाऱ्याला. माझ्याकडे सव्वीस वर्षं मशीनवर बसून पाठीची कमान झाली आहे.
ही दारातच उभी होती. जेवण दोनदा गरम केलं म्हणे. कुणी सांगितलं होतं?

२४ फेब्रुवारी
वकीलसाहेब आले. त्यांच्या मुलीचं लग्न २८ मार्चला. सूट शिवायचाय. कापड धाकट्या भावाने शेवटच्या भेटीत आणलं होतं. भाऊ गेला. तेव्हापासून कापड कपाटात होतं. पिशवीतून काढताना वकीलसाहेबांनी दोन्ही हात लावले. राखाडी, बारीक पोताचं. असं कापड आता मिळत नाही.
कारागीर टेप घेऊन पुढे आला. त्याला मशीनवर परत पाठवला. वकीलसाहेबांच्या स्वतःच्या लग्नाचा सूट याच हातांचा आहे. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हटलं, आहे सगळं. ते म्हणाले, मास्तर, तुमच्या डोक्याला तोड नाही.
वाक्य इथे मुद्दाम लिहून ठेवलं. डॉक्टरीणबाईंना दाखवायचं.

३ मार्च
कापलं. सकाळी लवकर, कारागीर यायच्या आत. छाती छत्तीस, कमर एकोणतीस. एकदाही अडखळलो नाही. कात्री पाण्यातून गेल्यासारखी गेली.
कारागीर आला, टेबलाकडे पाहिलं आणि स्टुलावर बसला. विचारलं, मास्तर, हे कुणाचं? म्हटलं, वकीलसाहेबांचं. उठून मशीनवर गेला. कौतुक करायची त्याला सवयच नाही.

१७ मार्च
ट्रायल. कोट खांद्यावर चढेना. पँट मांडीशी अडली. कापड बरोबर, माप बरोबर, माणूस चुकीचा. मी स्पष्ट म्हटलं, तीस वर्षांत अंगाकडे इतकं दुर्लक्ष करू नये.
वकीलसाहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते कोटाच्या बाहीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, असू द्या मास्तर, भाऊ तरी कुठे राहिला. कारागीर त्यांना सोडायला बाहेर गेला. रस्त्याच्या कडेला बराच वेळ बोलत होते. दोघांपैकी एकही माझ्याकडे बघत नव्हता, म्हणजे विषय मीच.
माझी चूक नाही. 

१८ मार्च
विश्वासघात. दुपारची डुलकी काढून दुकानात आलो तर कारागीर माझ्या कटिंगचा शर्ट उसवत बसला होता. शेजारी त्याने स्वतः कापलेले भाग. एका शर्टाचे नाही, पाच शर्टांचे. जाब विचारला. खाली मान घालून म्हणाला, मास्तर, वर्ष झालं.
म्हणजे मी कापायचं, मी घरी गेलो की याने परत कापायचं, कापड कमी पडलं तर तसंच दुसरं शोधून आणायचं. मग वर्षभर लोकांनी मला जी शाबासकी दिली ती कुणाची?
काढून टाकला. ताबडतोब. त्याने सुई रिळात खोचली, सायकल काढली आणि गेला. उद्यापासून मी एकटा. एकट्यानेच सुरू केलं होतं.

१९ मार्च
छान दिवस. कारागीर नऊच्या ठोक्याला हजर. काज-बटणं आटोपली. त्याचे डोळे लाल दिसले. म्हटलं, झोप घेत जा. माझ्यातला अर्धा चहा त्याला दिला. सव्वीस वर्षांत उलट शब्द नाही. असा माणूस शोधून सापडणार नाही.
संध्याकाळी सहा. मागचं पान वाचलं.
अक्षर माझंच आहे.

२२ किंवा २३ मार्च (हिला विचारणार नाही)
उद्या कारागिराची माफी मागायची. नक्की. शर्टाच्या खिशात चिठ्ठी ठेवली.

२५ मार्च
माफी मागितली. तो म्हणाला, राहू द्या मास्तर, तिसऱ्यांदा मागताय.
चौकशी केली. वकीलसाहेब लग्नाला जुना कोट घालणार आहेत.

६ मे
डॉक्टरीणबाईंकडे. मागचे पाच शब्द मुलीकडून लिहून घेऊन महिनाभर घोकून गेलो होतो. त्यांनी नवे दिले. ही शुद्ध फसवणूक. तरी जुने पाचही धडाधड म्हणून दाखवले. त्यांनी मान हलवली आणि लिहिलं. पुष्कळ लिहिलं.
परतताना मुलीला विचारलं, कागदावरचा तो माइल्ड कुठे गेला? ती म्हणाली, बाबा, काच खाली करू का?

१५ मे
दुकान कारागिराच्या नावावर झालं. त्या कागदावर मीच सही केली असं सगळे म्हणतात. दाखवली मला. सही झकास आली आहे. मी रोज जायचं, माझं टेबल माझंच, असं ठरलंय. जबाबदारी त्याची, कला माझी. ही सूचना बहुधा मीच केली असणार.

२९ मे
मोठी ऑर्डर. पांढरं सुती कापड, भरपूर पन्ह्याचं. एकाच गिऱ्हाइकाचं. कारागीर म्हणतो, मास्तर, हे काम दुसऱ्या कुणाच्या हाती देता येणार नाही. रोज सकाळी दोन पँटी कापतो. गिऱ्हाईक ट्रायलला येत नाही, तक्रार करत नाही. असं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं.
डॉक्टरीणबाईंनी एकदा येऊन बघावंच.

९ जून, सोमवार
कापड पसरलं तर कोपऱ्यात लाँड्रीची खूण सापडली. लाल दोऱ्याचे तीन उभे टाके, एक आडवा. आमच्या घरची.
टेबलाशी बराच वेळ उभा होतो. कारागिराने मशीन थांबवलं होतं. तो माझ्याकडे बघत होता, मी कापडाकडे.  दोन पँटी कापल्या. त्याने त्या नीट घडी घालून उचलल्या आणि कागदात बांधल्या. वर गिऱ्हाइकाचं नाव लिहायला पेन्सिल घेतली, मग तशीच कानावर ठेवली.
घरी आल्यावर हिला म्हटलं, पांढऱ्यावर मला खडूची रेघ दिसत नाही. उद्यापासून निळ्या चादरी देत जा.
ही कपाटाशी उभी होती. वळली नाही. कपाट उघडलं आणि विचारलं, किती काढू?
म्हटलं, आहेत तेवढ्या.